एका वाक्यात पक्ष

वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला आणि बाळकुम गावच्या मालनची झोप उडाली. नवरा, गुणाजी, उभा जन्म पक्षाच्या सतरंज्या उचलत आलेला. त्याच्या वाट्याचं तिकीट आता तिच्या पदरात पडणार होतं. फोटोत मालन, फ्लेक्सवर मालन. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की हिची दातखीळ बसायची.

"चार शब्द आहेत, वहिनी," विभागप्रमुख बाबुराव म्हणाले. "निष्ठा, विकास, सन्मान, सुरक्षा. झाली पक्षाची तत्त्वं. पोपटसुद्धा बोलेल."

"मग पोपटालाच द्या तिकीट," मालन पुटपुटली, पण मनातल्या मनात. बाबुरावांची भावजय तयारच बसली होती. मालन अडखळली की गुणाजी परत सतरंज्यांवर.

वॉर्डातल्या एका टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये तिची पहिली सभा होती. एसी गारगार होता, तरी तिचा ब्लाउज घामानं चिकटला. चारही शब्द तिनं एका दमात ओकून टाकले. पहिल्या रांगेतले आनंद नावाचे गृहस्थ अगदी सौम्यपणे म्हणाले, "ताई, हे तर सगळेच सांगतात. तुमचा पक्ष म्हणजे नेमकं काय? एका वाक्यात सांगा ना."

बाबुरावांनी डोळे वटारले. आणि कसं कोण जाणे, मालनला सासऱ्यांचं मरण आठवलं. भाऊबंद पोचायच्या आधी पक्षाच्या शाखेची पोरं तिरडीचे बांबू घेऊन दारात उभी होती. ती स्वतः मात्र भीतीनं मोरीत लपलेली.

"तुमच्याकडे कुणी गेलं," ती म्हणाली, "तर खांदा द्यायला आम्ही येतो."



"मत मागायला आलेलो की मयत?" लिफ्टमध्ये बाबुराव फुत्कारले. "उद्या कल्याणच्या रॅलीत उमेदवारांची नावं जाहीर करतोय. वेळेवर या. नाहीतर माझी भावजय आहेच."

सकाळी दोघं तयार होऊन निघणार, इतक्यात फोन. "मी आनंद. आई गेली पहाटे. भाऊ परदेशात. शेजारी सगळे दारातूनच विचारपूस करून गेले, पण उचलायला मी आणि आमचा वॉचमन, दोघंच. तुम्ही काल म्हणाला होतात..."

मालननं शाखेच्या पोरांना फोन लावले. सगळी रॅलीत. बाबुराव तर खेकसलेच, "संध्याकाळी पाठवतो म्हणावं कुणाला तरी!"

"आता?" गुणाजीनं विचारलं.

"मला मढ्याची भीती वाटते हो."

"ठाऊक आहे मला. मग कल्याणला जायचं?"

मालन नवी साडी सोडून घरातली नेसली. गुणाजीनं गळ्यातला पक्षाचा पट्टा काढून खुंटीला अडकवला आणि तिच्या मागोमाग निघाला.

पार्किंगमध्ये तिरडी बांधून झाली. आनंद आणि वॉचमन पुढे, मागे गुणाजी. चौथा कोपरा रिकामा. वरच्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती, खाली कुणी येईना. मालन त्या कोपऱ्याकडे सरकली.

"बाईमाणूस खांदा देतं का कुठे?" वॉचमन कुजबुजला.

"तू बघ की कुणी दुसरं," गुणाजी म्हणाला. वॉचमननं वर पाहिलं आणि मान खाली घातली.

पांढऱ्या चादरीकडे मालनला बघवेना.

"ताई, घाबरलात?" आनंदनं विचारलं.

"लई." तिनं पदर खोचला, डोळे मिटले आणि बांबूखाली खांदा दिला. "उचला आता. नाहीतर पळून जाईन मी."

गुणाजीच्या खिशात कल्याणहून येणारा फोन वाजत राहिला. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते.