मुलांना म्हणजे कोणाला?

पेंटरने आपलं मृत्युपत्र एका ओळीत उरकलं होतं, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! ‘माझं दुकान व वरची खोली माझ्यामागे माझ्या मुलांना.’ खाली तारीख आणि सही. अक्षर असं, की कागद काचेत घालून भिंतीवर लावावा.

जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. शब्द कापणं हा त्याचा धंदा होता आणि व्यसनही. कोणी ‘येथे वाहने उभी करू नयेत’ असं लिहून आणलं, की हा आधी ‘येथे’वर काट मारणार. वर विचारणार, "पाटी काय दुसरीकडे लावणार आहात?" एकदा ‘आमच्याकडे सर्व प्रकारचे चष्मे मिळतील’ या मजकुराचं त्याने नुसतं ‘चष्मे’ करून टाकलं. गिऱ्हाईक तावातावाने भांडायला आलं, तर त्यालाच ऐकवलं, की बाबा रे, तुझ्या दुकानात चष्मे मिळतात हे लोकांना कळतं, ते दुकानात शिंपी शोधत नाहीत. असल्या माणसाला वकिलाच्या चार पानांची काय मातब्बरी!

थोरलीने मात्र ती ओळ वाचली आणि शेवटच्या शब्दापाशी ती अडली. थोरली म्हणजे पेंटरची मुलगी, तिघा भावंडांत मोठी. शाळा सुटली तशी ती दुकानात आली ती तिथलीच झाली. डॉक्टरांनी बापाला शिडी चढायची बंदी केल्यापासून उंचावरच्या सगळ्या पाट्या तिच्याच हातच्या. राहायलाही बापलेक वरच्याच खोलीत. दोघे भाऊ नोकरीसाठी परगावी गेले आणि तिकडेच रमले. वाईट नव्हते बिचारे. पण बापाच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा मधला फोनवर सहज बोलून गेला, "ताई, पुढेमागे दुकानाचं काय करायचं ते आम्ही दोघं बघू. तू नको डोक्याला त्रास करून घेऊस." प्रेमानेच म्हणाला, आणि म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

‘मुलांना.’ या शब्दात ती होती की नव्हती? पेंटरला तीन मुलं म्हटलं, की होती. दोन मुलं आणि एक मुलगी म्हटलं, की नव्हती. बाप दोन्ही तऱ्हेने बोलायचा. सगळेच बोलतात, आणि बोलताना कोणाचं काही अडत नाही. पण तो गेल्यावर या एका शब्दावरून तिघं एकमेकांची तोंडं पाहणार नाहीत, आणि अर्थ सांगायला तो नसेल, हे तिला लख्ख दिसलं. ऑपरेशनच्या आत याचा सोक्षमोक्ष लावायचा असं तिने ठरवलं, आणि कुरकुरणाऱ्या बापाला कायदा सल्ला केंद्रात आणून बसवलं.

केंद्र म्हणजे वाचनालयाच्या वरची एक लांबट खोली, तिच्या टोकाला वकिलांच्या दोन केबिनी. बाकावर पायाला प्लास्टर घातलेला एक ड्रायव्हर धडक कोणी कोणाला दिली ते शेजाऱ्याला हातवारे करून सांगत होता. पलीकडे एका बाईचा फोन सारखा वाजत होता, आणि "वसुलीवाले मेले!" म्हणत ती तो सारखा बंद करत होती. पेंटरचं लक्ष फक्त दारावरच्या पाटीकडे.

"‘मोफत’मधला ‘फ’ बघ. पोट सुटलंय त्याचं."

"बाबा, आपण त्यासाठी नाही आलोय."

आत केबिनमध्ये वकीलबाईंनी कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"काका, अक्षर फार सुंदर आहे."

"आहेच."

"पण मुलांना म्हणजे कोणाला?"

"मुलांना म्हणजे मुलांना! यात न कळण्यासारखं काय आहे? वाचणाऱ्याला बरोबर कळतं."

"मी वाचणारीच आहे," बाई म्हणाल्या. "मला नाही कळलं. नुसते मुलगे, की मुलगीसुद्धा?"

आपल्या पाटीचा अर्थ कोणी पेंटरला विचारावा, हे आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. त्याने कागद ओढून घेऊन आपली ओळ स्वतःच पुन्हा वाचली. थोरलीला वाटलं, आता विषय बदलून उठावं आणि घरी जावं. पण ती उठली नाही.

"बाबा, लिहिताना तुमच्या मनात कोण होतं?"

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"पोरंच होती गं. दोघंच. तू काय, तू दुकानातच असतेस. तुला वेगळं काय द्यायचं, असं..."

"शिडीही दुकानातच असते," थोरली म्हणाली.

तिचे कान तापले होते. एवढी वर्षं उन्हातान्हात शिडीवर उभं राहून काय मिळवलं, तर हे! पण आवाज तिने चढू दिला नाही.

"मग तसंच लिहा. ‘मुलगे’ लिहा, दोघांची नावं घाला. मी एका शब्दाने भांडणार नाही. तुमच्या ऑपरेशनचं सगळं मीच करणार, उशाशी मीच बसणार. तुम्ही खडखडीत बरे झालात, की मी माझं दुसरं दुकान बघीन. पण तुमच्या माघारी या एका शब्दाचा कीस पाडत भावांसमोर उभी राहायला मला सांगू नका. तुमच्या मनात काय आहे ते तुम्ही जिवंतपणी सांगा."

"किती बोलतेस!"

"पाटी नाहीये ही, बाबा."

वकीलबाईंनी हात वर केला. "ताई, आता तुम्ही बाहेर बसा. पुढचं त्यांना एकट्याने बोलू द्या. उद्या कोणी म्हणायला नको, की लेकीने मानगुटीवर बसून लिहून घेतलं."

थोरली बाहेर येऊन बसली. आतून बापाचा आवाज आला, "एवढं लांबलचक?" मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. तिला रडू फुटलं. आजारी माणसाला आपण फार बोललो, असं वाटलं. तरीही बोललेल्यातला एक शब्द मागे घ्यायची तिची तयारी नव्हती. दुसरं दुकान कुठल्या गल्लीत परवडेल याचा ती मनातल्या मनात हिशेब करू लागली. नाक पुसून तिने दोन गल्ल्या पक्क्याही केल्या.

दार उघडून वकीलबाई बाहेर आल्या. मृत्युपत्र नव्याने लिहून झालं होतं. पेंटरच्या सहीला दोन साक्षीदार लागत होते. एक केंद्रातला कारकून होता; वकिलांनी साक्षीदार व्हायचं नाही असा केंद्राचा नियम, त्यामुळे दुसरा मिळत नव्हता. प्लास्टरवाल्याला नि फोनवालीला तोवर दुसऱ्या वकिलाने आत नेलं होतं.

थोरली उठली. जे काही लिहिलं असेल ते असो, बापाचं काम अडायला नको.

"द्या, मी करते सही."

"तुम्ही नको."

"का? सहीपुरतीसुद्धा चालत नाही का मी?"

"अहो, तसं नाही. ज्याला त्यातून काही मिळायचंय, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं..." म्हणता म्हणता वकीलबाईंनी जीभ चावली. "मी काही बोलले नाही हं!"

थोरली वळली आणि जिना उतरत धावत सुटली. खाली वाचनालयात एक टक्कल पडलेले गृहस्थ वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसले होते. तिने त्यांच्या समोरचं वर्तमानपत्र सरळ खाली ओढलं.

"काका, तुम्ही आमचे कोणी लागत नाही ना?"

"नाही बुवा," ते दचकून म्हणाले. "का? काय झालं? तुम्ही रडताय का?"

"मग चला वर. माझ्या बाबांच्या मृत्युपत्रावर साक्षीदाराची सही हवीय," ती त्यांच्या दंडाला धरून उठवत म्हणाली. "माझी चालत नाही. मी त्यांचं मूल आहे."