तेल प्यालेली फरशी

पौषातली सकाळ. पांडुर, निस्तेज, धुक्याच्या ओल्या पदराआडून हळूहळू उगवणारी. बार्शीच्या वेशीबाहेरच्या त्या बुटक्या घरात कोवळं ऊन उंबरा ओलांडून यायचं आणि सोप्यातल्या काळ्या कडप्प्यावर निवांत पसरायचं. काळी फरशी, कृष्णवर्णी, मेघश्यामल फरशी! तिला चकाकी नव्हती, गांभीर्य होतं. उभ्या आयुष्यात लोकांची घरं बांधून झाल्यावर तुळजाराम गवंड्यानं ती अगदी शेवटी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं बसवली होती.

"दगडाला पानी पाज, कोरड्या फडक्यानं पूस," तो सुनेला, शेवंताला, सांगायचा. "तकाकी मानसांच्या पावलांनी येती, पोरी. वरनं लावायची नसती."

पण संक्रांत आली. हळदीकुंकवाला सवाष्णी येणार, काठापदराची लुगडी सोप्यात सळसळणार, आणि फरशी ही अशी मलूल, कळकट! मागल्या साली शेजारणीनं नाक मुरडलं होतं, ते शेवंताच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. सासरा देवळात गेलेला बघून तिनं खोबरेलाची वाटी घेतली, बोळा बुडवला आणि एकेक फरशी माखली. अहाहा! दगड उजळला, काळोख झळाळला. "अगंबाई, तोंड दिसतंय की हितं!" तिळगूळ घेता घेता बायका म्हणाल्या. शेवंता मोहरून गेली. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं बाई, असतं!

दुसऱ्या सकाळी सूर्याला पाणी घालायला तांब्या घेऊन निघालेला तुळजाराम सोप्याच्या मध्यावर घसरला. खुबा मोडला. ऑपरेशन या वयात झेपायचं नाही म्हणून डॉक्टरांनी त्याला घरी पाठवला.

सोप्यातच त्याची बाज टाकली. पांढऱ्या भुवयांखालचे ते क्षीण, धूसर डोळे दिवसभर फरशीवर फिरत राहायचे. या सांध्यावरून त्या सांध्यावर, त्या कडेवरून या कडेवर. एका दुपारी त्यानं मुलाला, नागनाथला, जवळ बोलावलं.

"उतार ऱ्हायला आसंल रं. माजाच हात चुकला. साठ वर्सं लोकांच्या घरात दगूड बसिवला, आन् घरच्या दगडानं मलाच पाडलं."

खुब्याची कळ तो दात आवळून सोसत होता. ही कळ मात्र त्याला सोसवत नव्हती. भिंतीकडे तोंड करून म्हातारा लहान लेकरासारखा रडला. दाराआड शेवंतानं ते सगळं ऐकलं.

सांगायचं! आजच सांगायचं! पण तेलाची वाटी जिभेवर उपडी झाल्यासारखे शब्द घसरायचे, निसटायचे, घशात परत जायचे. आधी तेल काढते, मग सांगते, असं तिनं स्वतःला समजावलं. तिनं शिकेकाई उकळली. बेसन चोळलं. राख घासली. कढत पाणी ओतून ओतून बोटांची सालं निघाली. पण कडप्पा तेल प्याला होता, पोटभर प्याला होता, आणि प्यालेलं परत द्यायला तो काही राजी नव्हता. धुवावी तितकी फरशी झळाळायची. निर्दय, निर्लज्ज, निखळ झळाळायची.

नवव्या दिवशी ती बाजेपाशी बसली. म्हाताऱ्याचा खरबरीत, चुन्यानं कातरलेला तळवा तिनं हातात घेतला.

"मामा, म्या..."

पुढं हुंदकाच आला. तुळजारामानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "रडू नगंस. तुजा काय दोस? तू तर घासून घासून हात फोडलंस, पोरी. दोस माज्या हाताचा." आणि ती मेली गप्प बसली! त्या मायेच्या हाताखाली, भित्र्या सशागत, गप्प बसली.

बाराव्या दिवशी ऊन उंबऱ्यात आलं तेव्हा म्हातारा गेला होता. जाण्याआधी नागनाथला एवढंच सांगून गेला होता, "ही फरशी उखड. माज्या चुकीनं आनखी कुनी पडाया नगं."

बापाचा शेवटचा शब्द. तेरावं उरकलं आणि नागनाथनं पहार आणली. सोबत यल्लप्पा आला, तुळजारामाच्या जोडीनं हयातभर थापी धरलेला जुना गवंडी. पहिली फरशी काही केल्या हलेना. दोघांनी जोर केला तेव्हा ती कण्हत उठली. यल्लप्पा खाली वाकला. पोकळी नाही, भेग नाही, खालचा चुन्याचा माल कडेपासून कडेपर्यंत एकसंध. त्यानं शेजारच्या फरशीवर सपाटी बघायची पाणसळ ठेवली, फिरवली, पुन्हा ठेवली.

"नागनाथा, केसाइतका उतार न्हाई रं! असं काम आता हुतंय कुठं? मग तुळजा असं का म्हनला आसंल?"

"म्या तेल लावलं हुतं," शेवंता म्हणाली.

स्पष्ट म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. नागनाथच्या हातातली पहार थबकली. जे ऐकायला एक माणूस बारा दिवस भिंतीकडे तोंड करून तळमळला होता, ते आता सगळ्या घरानं ऐकलं. त्यानंच तेवढं ऐकलं नाही.

पाणसळीच्या काचेतला तो इवलासा, पारदर्शक बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधोमध होता. जरा इकडे नाही. जरा तिकडे नाही. निश्चल, निर्दोष, निःशब्द.