डावीकडे ओढते

परदेशातून आलेल्या गाड्या तपासायच्या शेडमध्ये मेरेनियाने लिफ्टचं बटण सोडलं, डोक्याच्या वर टांगलेल्या गाडीच्या पोटावर बॅटरीचा उजेड टाकला आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने कमरेच्या पट्ट्यातली लोखंडी पत्ती काढली आणि मागच्या चाकाजवळ खरवडायला लागली. काळ्या रंगाची सालपटं तिच्या बुटांवर पडू लागली.

"रंग आहे तो," दारातून फर्गस म्हणाला. "नुसता रंग."

"दिसतोय."

फर्गसला सत्तरावं लागलं होतं. मेंढ्या कातरायची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे लोखंड खरवडल्याचा आवाज त्याला काय सांगतो, हे वेगळं सांगायला नको होतं. तो आत आला नाही. दाराच्या चौकटीला टेकून त्याने बाहेर उन्हात उभ्या असलेल्या आपल्या जुन्या पिकअपकडे पाहिलं. पिकअपमध्ये आयल्सा बसली होती आणि मागच्या हौद्यात तिची चाकांची खुर्ची दोरीने आवळून बांधलेली होती.

वॅगन चंदेरी रंगाची होती. स्टेजिया नावाचं मॉडेल, त्यातलाही मोजकाच बनलेला प्रकार. रांगेत सहा सिलिंडर, दोन टर्बो, चारही चाकांना ताकद. आणि मागे एवढी ऐसपैस जागा, की मेंढपाळाची दोन कुत्री पाय पसरून झोपतील. जपानबाहेर ती कधी विकलीच गेली नाही. फर्गसने दोन वर्षं लिलावांवर डोळा ठेवून ती उत्तर जपानमधल्या आओमोरीच्या बर्फातून मिळवली होती. हौस म्हणून नव्हे. धावण्यात कुणाला हार जाणार नाही आणि मागे चाकांची खुर्ची न दुमडता मावेल, अशी दुसरी गाडी त्याला ठाऊक नव्हती. आयल्सा अकरा वर्षं मोटारींच्या रॅली-शर्यतीत त्याच्या डाव्या हाताला बसलेली बाई. मांडीवर वही, तोंडात पुढच्या वळणांचे आकडे; आकडा जितका लहान, तितकं वळण अवघड. आजाराने अंगाला कंप सुटल्यावर तिने नवऱ्याकडे दुसरं काहीच मागितलं नव्हतं. एकदा, म्हणाली, पुन्हा एकदा वेगात बसव मला. म्हाताऱ्यांना नेतात तसं नको.

पण नशीब आडवं आलं. जहाजावर दुसऱ्याच कुणाच्या गाड्यांमध्ये पिकं खाणारे, घाण वास सोडणारे किडे सापडले आणि इथल्या लिटलटनच्या बंदराने जहाज दारातूनच परत धाडलं. धुरी, पुन्हा तपासणी, पुन्हा रांग. सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत आयल्साची काठी सुटली आणि खुर्ची आली. आता तिची मान धरेनाशी होत होती. हिवाळा लागला की अशा खोल सीटमध्ये तिला बसवताच येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. इथला हिवाळा जूनमध्ये लागतो आणि एप्रिल तर अर्धा सरला होता.

हे सगळं फर्गसने सकाळी आल्या आल्या, चहाचा कप हातात धरून, एका दमात सांगून टाकलं होतं. चहा मात्र प्यायला नव्हता.

"मीच एजंटला लिहिलं होतं, खालून नीट करून पाठवा म्हणून," तो आता म्हणाला. "मला वाटलं, धुतील. माती राहिली की इथे अडवतात ना."

मेरेनियाने मान हलवली. तिला हे नवीन नव्हतं. बर्फाच्या गावात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने गंज चढतो, म्हणून तिथले गॅरेजवाले गाडी दर तपासणीला खालून काळी करतात. नीट करणं म्हणजे त्यांच्या लेखी तेच. कुण्या भल्या माणसाने परदेशी निघालेल्या गाडीची पाठवणी म्हणून दोन हात जास्तच मारले असणार. आणि इथे, या शेडमध्ये, ताजा काळा रंग म्हणजे काहीतरी लपवलंय असं धरूनच चालायचं. रंग सगळा काढायचा, मग दुरुस्तीचे दाखले देणारा माणूस येऊन लोखंड बघणार. त्याची वही आजच सहा आठवडे पुढे भरलेली होती.

पत्ती एका जागी अडकली. डाव्या बाजूला, जिथे जॅक लावतात तिथे. मेरेनियाने बोटाने चाचपलं, मग पत्तीचं टोक हलकेच दाबलं. टोक आत गेलं.

फर्गसने डोळे मिटले.

"केवढं?"

"माझ्या अंगठ्याएवढं. पण आत किती आहे, ते कापल्याशिवाय कळणार नाही."

"पत्ती एक बोटभर अलीकडे थांबली असती, तर—"

मेरेनियाने फडक्याने ती जागा पुसली, खडूने गोल केला आणि लिफ्ट खाली घेतली. तिचं लेकरू दहा महिन्यांचं होतं. नवरा रोज सकाळी त्याला मागच्या सीटवर बांधून आजीकडे सोडायचा, तेही असल्याच एका जपानहून आलेल्या जुन्या वॅगनमधून. त्या वॅगनच्या कागदावर कुणाची सही आहे, हे तिने एकदा काढून पाहिलं होतं. ओळखीचा माणूस निघाला. त्या रात्री तिला शांत झोप लागली होती.

"नापास करावी लागेल, फर्गस."

"हं."

"पण फॉर्म पुरा करायला लागतो. ब्रेक राहिलेत."

ब्रेक तपासायचं यंत्र शेडच्या कोपऱ्यात होतं, दोन फिरत्या रूळांचं. त्यावर एका वेळी दोनच चाकं फिरतात. चारही चाकांना ताकद असलेली गाडी चढवली तर एकतर यंत्र जातं, नाहीतर गाडी. म्हणून अशा गाड्या रस्त्यावर नेऊन तपासायच्या. शेडची तात्पुरती नंबरप्लेट मागे अडकवायची, ब्रेकचा जोर मोजणारा मीटर पायाशी ठेवायचा, वेग घ्यायचा आणि ब्रेक दाबायचा. मेरेनिया हे काम नेहमी एकटीच करायची.

तिने प्लेट अडकवली. मग फॉर्मची पाटी घेऊन उन्हात गेली आणि पिकअपच्या खिडकीशी वाकली.

"नापास ना?" आयल्साने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की कान जवळ न्यावा लागे. "त्याची पाठ बघूनच कळलं. रॅली हरला की अशीच व्हायची."

"हो, आंटी. ब्रेक बघायचे राहिलेत अजून. मीटरचे आकडे वाचायला कुणीतरी हवंय."

"का, तुला डोळे नाहीत?"

"माझे रस्त्यावर असतात."

आयल्साने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "माझा चष्मा त्या लबाडाच्या खिशात आहे. माग त्याच्याकडे."

फर्गसने तिला उचलून डाव्या सीटमध्ये ठेवलं. मानेच्या मागे आपलं स्वेटर घडी करून लावलं. मेरेनियाने पट्टा ओढून अडकवला आणि सवयीने त्याखाली दोन बोटं घालून तो घट्ट आहे का ते पाहिलं.

"तुझं बाळ नाही मी," आयल्सा म्हणाली.

"माझं बाळ एवढी कुरकुर करत नाही."

शेडच्या मागचा सरळ सपाट रस्ता या तपासणीला पुरेसा होता. पहिला ब्रेक तिथेच मारला, आयल्साने आकडा वाचला. मेरेनिया पुढच्या चौकात थांबली. उजवीकडे वळलं की शेड. डावीकडे खिंडीचा घाट. तपासणी रस्त्यावर करावी, एवढंच नियमात लिहिलं होतं. कुठल्या रस्त्यावर, ते नव्हतं. तिने डावीकडचा दिवा लावला.

चढाला लागल्यावर तिने गाडीला मोकळं सोडलं. आधी एक, मग दुसरा टर्बो जागा झाला आणि पाठ सीटमध्ये रुतली. दोन वळणं आयल्सा गप्प होती. मेरेनियाला वाटलं, चुकलं आपलं. बाईला त्रास होतोय. तिने पाय सैल केला.

"उजवं, चार," शेजारून आवाज आला. "पाय काढू नकोस. पुढे डावं, तीन, आवळत जातंय."

आवाज बारीक नव्हता. कुठल्या तळातून वर आला कुणास ठाऊक. मेरेनियाने पाय पुन्हा दाबला. डावं खरंच आवळत गेलं. मग उजवं पाच, मग चढाचा माथा, "माथ्यावर सरळ धर, पलीकडे रस्ता आहे, मी सांगते ना," आणि गाडी माथ्यावरून हलकी होऊन पलीकडे उतरली. समोर खाली खाडीचं पाणी पसरलेलं.

उतारावर मेरेनियाने दुसरा ब्रेक मारला. स्टीअरिंग तिच्या तळव्यात केसभर हललं. तिने ते धरून ठेवलं.

"डावीकडे ओढतेय," आयल्सा म्हणाली.

"थोडीशी."

"थोडीशी म्हणजे ओढतेच. लिही."

"आंटी, तशीही नापासच आहे. एवढ्यासाठी आणखी—"

"वळण जसं आहे तसंच सांगायचं असतं, पोरी. मऊ करून सांगितलं की माणूस दरीत जातो." तिने पाटीकडे मान वळवायचा प्रयत्न केला. "तुझे हात गुंतलेत. दे इकडे."

मेरेनियाने गाडी कडेला घेतली. पाटी तिच्या मांडीवर ठेवली, पेन बोटांत दिलं आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसली. लिहायला पुष्कळ वेळ लागला. खाली पाण्यावर एक होडी या टोकापासून त्या टोकाला पोचली.

परत आल्या तेव्हा फर्गस शेडच्या फाटकात रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. गाडी येताना त्याने नेहमीसारखी आधी चाकं पाहिली, मग काचेतून आत पाहिलं आणि चाकांकडे पुन्हा पाहायचंच विसरला.

"आणखी एक दोष आहे," आयल्साने त्याला सांगितलं. "मी काढला."

"तू नाही काढणार तर कोण," फर्गस म्हणाला आणि तिला उचलायला वाकला. वाकला तो जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला.

ते गेल्यावर मेरेनिया टेबलाशी बसली. ब्रेकच्या रकान्यात दोनच शब्द होते: डावीकडे ओढते. अक्षरं एकमेकांवर चढली होती. शेवटच्या शब्दाची रेघ रकाना ओलांडून खाली टायरच्या चौकटीपर्यंत गेली होती. असे फॉर्म वरून परत येतात. सुवाच्य अक्षरात पुन्हा भरून पाठवा, असा शिक्का मारून. तिने खणातून कोरा फॉर्म काढला. गाडीचा नंबर लिहिला, तारीख लिहिली, मालकाचं नाव लिहिलं. ब्रेकच्या रकान्याशी आली आणि पेन थांबलं.

थोड्या वेळाने तिने कोरा फॉर्म चुरगळून टोपलीत टाकला. जुना पुढे ओढला आणि त्या लांबलेल्या रेघेला धक्का लागणार नाही अशा बेताने, खाली सही केली.