मागच्या खोलीतली मुलाखत

सकाळी नऊ वाजता कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. परीक्षा जवळ आली की दरवर्षी हेच. मुले-मुली काउंटरवर कोपर टेकत आणि एवढेच म्हणत, "मूल्यशिक्षण, एक." दुकानदार नाव आणि हजेरी क्रमांक विचारी, संगणकात पहिले पान बदली, बत्तीस पाने छापून बाहेर पडत. त्याची बायको मागे बसून त्यांना भोके पाडी, स्पायरल घाली, आणि पाच मिनिटांत मूल्ये तयार होत.

ही काय भानगड आहे ते सांगायला हवे. त्या कॉलेजात तुम्ही गणित शिका नाहीतर रसायनशास्त्र, सहा सर्वसाधारण विषय प्रत्येकाच्या गळ्यात बांधलेले असत. ते सुटल्याशिवाय पदवी नाही. विद्यार्थी चहूबाजूंनी घडावा, असा हेतू माहितीपत्रकावर छापला होता, आणि त्या हेतूला मी नावे ठेवणार नाही. पण तो ज्यांच्या हाती दिला होता ते प्राध्यापक वर्गात येत, हजेरी घेत, पुस्तकातला एक उतारा लिहायला सांगत आणि घड्याळाकडे बघत बसत. मुले मोबाइलवर, नाहीतर झोपेत. मूल्यशिक्षण हा त्या सहांतलाच एक विषय. त्यात वर्षाच्या शेवटी एक प्रकल्प असे: एखाद्या ज्येष्ठ नागरिकाला भेटा, त्याच्याशी त्याच्या आयुष्याविषयी बोला आणि लिहून आणा. एका म्हाताऱ्या माणसासमोर तासभर बसायचे, एवढेच काम. तेही कोणी करत नसे.

दुकानदाराची मुलगी त्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली की तिला तहानभूक आठवत नसे. दूध तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेने तिची निवडही केली होती. महिनाअखेरीस पास झाल्याचा कागद दाखवायचा आणि रुजू व्हायचे. या सहा विषयांचा तिला मनापासून तिटकारा होता. जंतू ओळखायचे सोडून मी उतारे का लिहीत बसायचे, अशी ती घरी येऊन चिडचिड करी. बाप म्हणे, फाइल देऊन टाक आणि मोकळी हो, घरचीच तर आहे.

फाइल खरोखरच घरची होती. नऊ वर्षांपूर्वी बापाने ती पहिल्यांदा टाइप केली तेव्हा एका म्हाताऱ्याचा फोटो हवा होता, म्हणून त्याने स्वतःच्या वडिलांचा लावला. मजकूर मनाचा. तेव्हापासून हजाराहून जास्त मुलांनी त्या म्हाताऱ्याची मुलाखत 'घेतली' होती. म्हातारा दुकानाच्या मागच्याच खोलीत बसलेला असे, काउंटरपासून दहा पावलांवर. पडदा सारून कधी कोणी आत डोकावले नाही. यंत्रांच्या घरघरीत त्याची हाक कोणाला ऐकू जात नसे. सून दोन वेळा ताट ठेवी आणि तशीच मागे फिरे. नात जाता-येता "बरे आहात ना" म्हणे आणि उत्तराला थांबत नसे.

त्या वर्षी मुलीने फाइल प्रथमच उघडून वाचली. मी निवृत्त शिक्षक आहे, माझे आयुष्य समाधानात गेले, असे तिचे आजोबा तीत सांगत होते. हे आजोबा कधी म्हणाले, असे तिने विचारले, तेव्हा बाप हसला. कोण वाचतंय ते, म्हणाला. मुलीला शिसारी आली, बापाची आणि स्वतःचीही. ती वही घेऊन पडद्यामागे गेली.

तीन दुपारी ती आजोबांसमोर बसली. ते कधीच शिक्षक नव्हते. छापखान्यात पुस्तके बांधत त्यांचा जन्म गेला होता. चाळिशीपर्यंत अक्षरओळख नव्हती, मग रद्दीत टाकलेल्या पानांवरून ते एकेक अक्षर शिकले. आता डोळ्यांना तेही दिसत नव्हते. शेवटी तिने विचारले, आता काय हवंसं वाटतं?

"दिवसातून एकदा कोणी समोर बसावं," आजोबा म्हणाले. "बोललं नाही तरी चालेल."

तिने ते जसेच्या तसे लिहिले. घरात त्यांच्याजवळ कोणी बसत नाही, मीही बसत नव्हते, हेही लिहिले आणि पहिल्या पानावर फाइलीतलाच त्यांचा फोटो लावला.

प्राध्यापकांनी वही उघडली, फोटो पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा म्हातारा मला पाठ आहे. शिक्षक होता हा, समाधानी माणूस. तू हे भलतंच काय लिहिलंयस?"

"सर, ते माझे आजोबा आहेत. ते शिक्षक नव्हते."

"म्हणजे वर्गातल्या सगळ्यांनी खोटं लिहिलं आणि तू एकटी खरी?"

"हो सर."

त्यांना ठाऊक नव्हते असे समजू नका. एकच फोटो वर्षानुवर्षे समोर येतो, हे कोणाला कळणार नाही? पण तिचे खरे मानले तर आजवर दिलेले सगळे गुण खोटे ठरत होते. त्यांनी लाल शाईने 'बनावट' असा शेरा मारला आणि शुक्रवारपर्यंत दुरुस्त करून आण, नाहीतर नापास, असे सांगून वही परत केली.

घरी बापाने आधी डोके धरले आणि मग यंत्र सुरू करून तिच्या नावाची बत्तीस पाने छापली. आई म्हणाली, हातची नोकरी घालवू नकोस. यंत्र थांबले तसा पडद्यामागून आवाज आला.

"माझ्या बोलण्यानं पोर नापास झाली का रे?"

बाप छापलेली पाने गोळा करू लागला. मग म्हातारा म्हणाला, "त्या फाइलीत मी काय बोललोय ते वाचून दाखव. मी पाठ करतो. तिच्या सरांना सांगतो, हेच बोललो होतो म्हणून."

बाप आत गेला आणि वाचू लागला. मी निवृत्त शिक्षक आहे. म्हाताऱ्याने मान वर करून ते म्हटले. माझे आयुष्य समाधानात गेले. तेही म्हटले. "माझा मुलगा रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसतो," बापाने वाचले आणि पान खाली केले.

"बसतो," म्हातारा म्हणाला. "पुढे?"

मुलीने बापाच्या हातून पाने काढून घेतली. "पुरे, बाबा. मी हे देणार नाही."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. पुढच्या वर्षी पुन्हा बसेन आणि पुन्हा हेच लिहीन."

शुक्रवारी तिने तीच वही पुन्हा टेबलावर ठेवली. ती नापास झाली. प्रयोगशाळेने जागा दुसऱ्या कोणाला दिली. वर्गातली बाकीची एकूण एक मुले मूल्यशिक्षणात उत्तीर्ण झाली. त्यांतले काही उद्या शिक्षक होतील, काही अधिकारी, आणि आपण त्यांच्यापुढे आपले कागद सहीसाठी धरू. मला याची किळस येते. तुम्हाला येत नसेल, तर तुमचीही फाइल कधी कोणी तरी छापून दिली असेल.

मुलगी आता रोज आजोबांसमोर बसते. बापाने दुकान बंद केले, असे लिहायला मला आवडले असते. त्याने केले ते एवढेच, की फाइलीतून वडिलांचा फोटो काढला आणि कुठल्याशा वर्तमानपत्रातून दुसऱ्या एका म्हाताऱ्याचा कापून लावला. त्यालाही अजून कोणी भेटायला गेलेले नाही.