जरा धीर धरा, येतंय

बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवशी तो फर्निचरच्या दुकानाची वेबसाइट जुन्या फ्रेमवर्कमधून, म्हणजे साइटच्या आतल्या सांगाड्यातून, नव्यात हलवत बसला होता. साइट दोघांनी मिळून बांधलेली. पान उघडायला वेळ लागला की तिने लिहिलेली ओळ दिसायची, ‘अहो, जरा धीर धरा, येतंय.’ गिऱ्हाइकांना गंमत वाटायची. ती कुणाला उद्देशून होती, हे त्यालाच ठाऊक.

काही आठवड्यांनी त्याने काम पुन्हा हाती घेतलं. एवढ्याशा दुकानाला ते नवं फ्रेमवर्क म्हणजे नाकापेक्षा मोती जड. एक बटण चालू झालं की दुसरं रुसायचं. अखेर एकदाची सगळी पानं हलली आणि पापणी लवायच्या आत उघडू लागली. ओळ दिसायला सवडच उरली नाही.

"दाजी, सुसाट झाली की!" तिच्या खुर्चीत बसलेला मेहुणा म्हणाला. "आता जुनी बंद करून टाका."

"तुझ्या ताईची ओळ दिसत नाही रे."

"मग काय मुद्दाम हळू करता? ताईनेच कान उपटले असते तुमचे."

तो हसला. मेहुणा गेल्यावर त्याने जुनी साइट उघडली आणि ओळ येऊन जाईपर्यंत बघत राहिला.

जुनी साइट बंद करायची अजून राहिली आहे.