हिरव्या रुमालातला डबा

एका अमेरिकन कादंबरीकार बाईवर बोलायचं म्हणून चारुलताने महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं. शुक्रवारी सकाळी आखातातल्या झिंज भागात, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये माणसंही बरी जमली, अर्थात निम्मी नंतरच्या बटाटेवड्यांसाठी. शंभर वर्षांपूर्वीची ही बाई आपल्या गावातली माणसं उचलून कादंबऱ्यांत घालायची. नावं बदलायची, घरं बदलायची. तरी शेजारणीने स्वतःला ओळखलंच, आणि मरेपर्यंत तिला पुन्हा दारात उभं केलं नाही. चारुलताने हे अगदी रंगवून सांगितलं. टाळ्या पडल्या.

आता तिला स्वतः लिहिलेली कथा वाचायची होती. तेवढ्यात दार उघडून तिची जिवाभावाची मैत्रीण मनाली आत आली, आणि मागोमाग तिचा नवरा संदेश. चारुलताने हातातले कागद उलटे करून ठेवले.

कारण कथा त्याचीच होती. संदेशची एसी दुरुस्तीच्या कंपनीतली नोकरी मागेच सुटली होती. घरी न सांगता तो रोज डबा घेऊन निघायचा आणि रिफातल्या मॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहायचा. मनालीला ते कळलं होतं. पण बोललं तर माणूस खचेल, म्हणून ती मुकाट्याने डबा भरत राहिली. हे तिने एकट्या चारुलताला सांगितलं होतं, गळ्याची शपथ घालून. आणि या बयेने त्याची कथा केली! संदेश कधी कार्यक्रमांना फिरकत नाही, आणि मनाली समजून घेईल, हे तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

कथेत तिने त्याच्या गावाचं, चिपळूणचं, कोल्हापूर केलं, एसीवाल्याचा ड्रायव्हर केला. डबा बांधायचा हिरव्या खणाचा रुमाल मात्र तिने तसाच ठेवला, कारण कथेचा जीवच त्यात होता. मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला तो रुमाल सगळ्यांनी पाहिलेला.

"यल्ला, चला, वाचा वहिनी, वडे थंड होतील!" सेक्रेटरी जयेश ओरडला.

चारुलता वाचू लागली. मनालीचा चेहरा दुसऱ्याच वाक्याला उतरला. संदेश खाली मान घालून ऐकत होता. रुमालाची ओळ आली तशी चारुलताने एकवार मनालीकडे पाहिलं.

"डबा... डबा प्लास्टिकच्या पिशवीत होता," तिने वाचलं.

पुढची कथा आळणी झाली. लोकांनी उरकल्यासारख्या टाळ्या वाजवल्या आणि वड्यांकडे धाव घेतली. चारुलता कागद गोळा करत होती, तोच संदेश समोर येऊन उभा राहिला.

"वहिनी, त्या नवऱ्याला शेवटी कळतं काय हो, बायकोला सगळं ठाऊक आहे ते?"

"तेवढं... अजून लिहिलं नाही."

"मग कळू दे. गाडीत एकट्याला घास उतरत नाही हो." त्याने तिच्या हातातल्या कागदांकडे बोट केलं. "आणि ती पिशवी काढा. रुमाल हिरवाच होता."

मनाली मागेच उभी होती, वड्यांची ताटली घेऊन. तिने ती संदेशच्या हातात दिली आणि त्याच्या दंडाला धरलं.

"चला, घरी जाऊन जेवू," ती म्हणाली.

"मनाली," चारुलताने हाक मारली.

मनालीने मागे वळून पाहिलं नाही.