सात नंबरचा पाळणा

तीन वाजता आम्ही गिरणीतल्या वाइंडिंग खात्यातल्या बाया पोरांना पाजायला सुटलो आणि पाळणाघराकडे धावलो, तेव्हा सुंदराबाई दारातच उभ्या होत्या. कडेवर शैलाचा आनंदा. पाच महिन्यांचं पोर रडून रडून काळवंडलं होतं. आता रडण्यालाही आवाज उरला नव्हता, नुसतं तोंड उघडत होतं.

“शैला आली नाही अजून,” त्या म्हणाल्या. नेहमीसारख्याच कुजबुजत.

शैला वरळीच्या बीडीडी चाळीतली, आमच्याच खात्यातली. सकाळी पोराला पाळण्यात घालून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती चाळीतल्या बायांबरोबर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाला गेली होती. पाजायच्या वेळेला येते म्हणाली होती. दुपारी बातमी आली, पोलिसांनी ती अख्खी तुकडीच गाडीत घातली. कुठल्या चौकीत नेलं, कधी सोडणार, कुणालाच पत्ता नाही.

तशा मोर्चाला आम्हीही जायचो. मुंबई आमची म्हणून घसा बसेपर्यंत ओरडायचो. आनंदाचा सात नंबरचा पाळणा मात्र आमच्या पोरांपासून लांब, दाराशी, वाऱ्यावर होता. तसा आम्हीच मागून घेतला होता. शैलाच्या घरच्यांनी धर्म बदलला होता, ती आता बौद्ध होती. आमचं बघणं तेवढं बदललं नव्हतं.

सुंदराबाई अठरा वर्षं त्या पाळणाघरात आया होत्या. विधवा, मूलबाळ नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. पायात वहाण नाही, कारण वाजते. दाराच्या कडीला त्यांनी चिंधी गुंडाळलेली. एवढ्या मोठ्या गिरणीत कुजबुजलेलं ऐकू येईल अशी ती एकच खोली. “हिच्या घशात तेल घालूक व्हया,” असं आमच्यातली मालवणची अंबिका म्हणायची आणि आम्ही हसायचो.

“बोंडल्यानं दूध घालून बघितलं, थुंकतो,” सुंदराबाई म्हणाल्या. “साखरपाणी घेत नाही. सकाळपासून उपाशी आहे गं. एकीनं जरा पदराखाली घ्या.”

जी ती आपल्या पोरात एकदम रमून गेली. मी माझ्या नलूच्या झबल्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. गाठ नीटच होती.

“मावशे, तुका येड लागला काय?” शेवटी अंबिका म्हणाली. “घरात कळला तर माका चुलीकडे उभी करूचे नाय.”

“त्यांच्यातल्या कुणाला तरी विचारा ना,” मागून एक आवाज आला.

“त्यांच्यातल्या सगळ्या आज पोलिसांच्या गाडीत आहेत,” सुंदराबाई कुजबुजल्या.

गंगुबाई आमची नायकीण, खात्यातल्या बायांवरची मुकादम. पोरं आम्ही पाजायची आणि घड्याळ तिनं बघायचं, अशी वाटणी होती. ती म्हणाली, “येईल सुटून. एक वेळ उपाशी राहिलं म्हणून पोर काही मरत नाही.”

“मरतं!”

तो आवाज सुंदराबाईंचा आहे हे कळायला आम्हाला वेळ लागला.

“मरतं! मी बघितलंय मरताना!”

अठ्ठावीस पोरं दचकून उठली आणि एकदम रडायला लागली. अठरा वर्षांत त्या खोलीत असा आवाज झाला नव्हता. आता तर सुंदराबाईंना ओरडल्याशिवाय बोलताच येईना.

“राधे!” त्या माझ्याकडे वळल्या. “दिवाळीच्या आधी चुना लावायला पाळणे हलवले होते, आठवतं? सगळी पोरं गिरणीच्या एकसारख्याच कापडात गुंडाळलेली. त्या दिवशी तुझ्या मांडीवर मी दिली ती नलू नव्हती. हा होता. चूक माझी. तू पेंगत पाजलंस. मला कळलं तेव्हा दोघंही गाढ झोपला होतात. उठवलं नाही मी. काय बुडालं गं तुझं?”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्या डोळ्यांपुढे आधी सासूबाई उभ्या राहिल्या. मग तो दिवस आठवला. नलू तशी आळशी, चार घोट घेतले की झोप. त्या दिवशी मात्र ती अशी ओढून प्यायली की मी घरी जाऊन कौतुकानं सांगितलं, पोरीला आता भूक लागायला लागली. सासूबाईंनी नलूची दृष्टसुद्धा काढली होती.

खोलीभर रडणं चाललं होतं. कुठलं कुणाचं ते ओळखू येईना. पान्ह्याला तर तेवढंही कळत नाही. माझी चोळी भिजली. समोर अंबिका पदर छातीशी दाबून धरत होती आणि पदरही ओला होत चालला होता.

“हाड तेका हंय,” ती म्हणाली आणि पोराला घ्यायला हात पुढे केले. “आणि तू आरडू नको गो मावशे, पोरां भियतत.”

त्या पोरानं तिला असं धरलं की ती कळवळली. “दात नाय तरी चावता मेलो!” म्हणाली आणि आपल्या पदरानं त्याचं नाक पुसलं.

संध्याकाळी त्याची आजी येऊन त्याला घेऊन गेली आणि सकाळी पुन्हा पाळण्यात घालून गेली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुट्टीत मी घेतला. पहिली मी नव्हते, हे सांगायला हवं.

तिसऱ्या दिवशी शैला सुटून आली. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. सुंदराबाईंनी पोर तिच्या हातात दिलं आणि कुजबुजल्या, “रडला नाही गं फार.”

आमच्यातल्याच कुणीतरी लेबर ऑफिसरच्या कानावर घातलं. त्यानं सुंदराबाईंना बोलावून विचारलं, “पोरांची अदलाबदल झाली, हे खरं?” नाही म्हणाल्या असत्या तर साक्षीला होतं कोण? त्या म्हणाल्या, “खरं.”

त्यांना पाळणाघरातून काढलं आणि आमच्या खात्यात मशिनींखाली साठणारी कापसाच्या तंतूंची पिंजण झाडायला लावलं. शैला, अंबिका आणि मी साहेबाकडे गेलो. अंबिका मालवणीतून अर्धा तास बोलली. साहेबाला एक शब्द कळला नसावा, पण मध्ये तोंड घालायची त्याची हिंमत झाली नाही. हुकूम मात्र बदलला नाही. मग आम्ही परत आलो आणि कुणाला न विचारता सात नंबरचा पाळणा उचलून आत, खिडकीपाशी, अंबिकेच्या पोराच्या शेजारी नेऊन ठेवला.

खात्यात मशिनींचा आवाज इतका की शेजारणीशीही आम्ही ओठांनी आणि हातांनीच बोलायचो. तिथं कुजबुजण्याचा काय उपयोग? तरी सुंदराबाईंचं काही अडलं नाही. पोरांना पाजून आम्ही मशिनींवर परतलो की त्या झाडू थांबवायच्या. केसांवर, भुवयांवर पांढरी पिंजण बसलेली. आमच्यातल्या एकेकीकडे बघून तळवा गालाला लावायच्या आणि मान कलती करायच्या. झोपला?

एकेक जण मान डोलवायची. सगळ्यांत शेवटी शैला. मग त्या वाकून पिंजण पुढे लोटायला लागायच्या.